कॉफीचं रोप आणि जमिनीवरचं नाव

शीर्षक वाचून काही जणांना वाटलं असेल, आज कॉफीची रेसिपी आहे. तसं नाहीये. पण हातात कप असेल तर राहू द्या, कारण आपण त्यातल्या कॉफीच्या मागेमागेच जाणार आहोत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एक प्रश्न येतो: जागतिकीकरण, उदारीकरण, मुक्त व्यापार हे शब्द आम्ही अकरावीपासून पाठ करतोय, पण ते खऱ्या माणसाच्या घरात कुठून शिरतं? दारातून, खिडकीतून, की टीव्हीतून? तर आज मी तुम्हाला एका अशा घरात घेऊन जाणार आहे जिथे ते जमिनीच्या कागदातून शिरलं. आणि ते घर होतं बाईचं. अक्षरशः बाईचं.

व्हिएतनामच्या मधोमध, थोडा दक्षिणेकडे, एक पठार आहे. लाल माती, आपल्या महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर दिसते तशी. तिथला एक प्रांत डाक लाक, आणि त्याचं मुख्य शहर बुऑन मा थुओट. व्हिएतनाममध्ये सरकारमान्य असे 54 वंशसमूह आहेत. त्यात किन्ह हे बहुसंख्य, साधारण 85 टक्के. बाकीचे 53 मिळून उरलेले 15 टक्के. डाक लाकच्या पठारावर मूळचे राहतात ते एडे लोक. 2019 च्या जनगणनेत ते सुमारे चार लाख होते. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे.

एडे समाज मातृवंशीय आहे. मुलाला कुळाचं नाव आईकडून मिळतं. लग्नाची मागणी मुलीकडचे घालतात, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. एडे लोकांचं घर लांबच लांब असतं, खांबांवर उभं केलेलं, रेल्वेच्या डब्यासारखं. मुलीचं लग्न झालं की घर आणखी एका खोलीने लांब होतं. चढायला जो लाकडी जिना असतो त्यावर स्तनांची जोडी आणि चंद्रकोर कोरलेली असते. बाईच्या घरात पाऊल ठेवताय, हे येणाऱ्याला पहिल्या पायरीलाच कळतं. आणि आईवडिलांचं घर, त्यांची म्हातारपणीची जबाबदारी, हे सगळं जातं धाकट्या लेकीकडे.

गंमत बघा, बुऑन मा थुओट या नावाचा अर्थ होतो "थुओटच्या बापाचं गाव". आईच्या कुळाच्या समाजात शहराचं नाव मात्र बापाचं! पण त्यात तसा विरोधाभास नाही. कारण मातृवंशीय म्हणजे मातृसत्ताक नव्हे. गावाचा पुढारी पुरुषच. बाहेरच्यांशी बोलणं, भांडण मिटवणं, हे आईच्या भावांचं, मामांचं काम. तेव्हा "अहाहा, बायकांचं राज्य होतं आणि मग भांडवलशाही आली" अशी गोष्ट मी सांगणार नाहीये. ती खोटी आहे. खरी गोष्ट इतकीच, की जमीन कुळाची होती, कूळ आईकडून चालत होतं, आणि त्या जमिनीची राखणदार म्हणून एक बाई असायची. तिला म्हणतात "पो लान". ती जमिनीची मालकीण नव्हती, विकू शकत नव्हती. पण कुळाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे तिच्या नावाशी जोडलेलं होतं. हद्दीवरून फेरी मारणं, पूजा करणं, हे तिच्याकडे. तिच्याकडे कागद नव्हता, आणि तोपर्यंत तो कुणी मागितलाही नव्हता.

आता शेती. हे लोक फिरती शेती करायचे. जंगलाचा एक तुकडा साफ करायचा, काही वर्षं भात घ्यायचा, सोबत भोपळा, मिरची, मका. मग तो तुकडा सोडून द्यायचा, झाडोरा वाढू द्यायचा आणि बऱ्याच वर्षांनी परत यायचं. आपल्याकडे डोंगराळ भागात वरकस जमिनीवर नाचणी करून मग ती काही वर्षं ओसाड ठेवायचे, तोच धागा. पण अशा शेतीचा एक मोठा धोका असतो. विश्रांती घेणारी जमीन बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला रिकामी दिसते. पडीक! कुणाचीच नाही!

1975 ला युद्ध संपलं. सरकारने जमीन सगळ्या जनतेची, म्हणजे राज्याची, असं ठरवलं. पठारावर सरकारी मळे उभे राहिले आणि दाटीवाटीच्या किनारी भागातून, उत्तरेतून, लाखो किन्ह लोक "नवीन आर्थिक क्षेत्रं" म्हणून इथे आणून बसवले गेले. नंतर आपणहून येणाऱ्यांची रांग लागली. पंचवीस वर्षांत प्रांताची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली आणि एडे लोक आपल्याच पठारावर अल्पसंख्य झाले. हे लक्षात ठेवा, कारण सगळं खापर बाजारावर फोडणारे हा भाग गाळतात. बाजार आला तेव्हा अर्धी जमीन आधीच हातची गेली होती.

मग डिसेंबर 1986. पक्षाच्या सहाव्या काँग्रेसमध्ये "दोई मोई", म्हणजे नवी घडी, जाहीर झाली. सामूहिक शेती मोडीत निघाली, कुटुंबाला जमीन कसायला मिळू लागली, खासगी व्यापाराला परवानगी आली. 1993 च्या जमीन कायद्याने जमिनीच्या वापराचे हक्क कागदावर आणले. आता ते विकता येणार, गहाण टाकता येणार, वारसाला देता येणार होते. फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली.

आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये दंव पडलं. म्हणजे असं दंव, ज्यात कॉफीची झाडं जळतात. जगात कॉफीचा भाव एकदम चढला. डाक लाकच्या लाल मातीत रोबस्टा कॉफी फार छान येते, हे फ्रेंचांच्या काळापासून माहीत होतं. ज्याला जमेल त्याने कॉफी लावली. भाताचा तुकडा गेला, जंगलाचा तुकडा गेला, अंगणाची कडसुद्धा गेली. 2000 च्या आसपास व्हिएतनामने कोलंबियाला मागे टाकलं आणि ब्राझीलनंतरचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक बनला. दीड दशकापूर्वी हा देश कॉफीच्या नकाशावर जवळपास नव्हताच.

आता मघाशी म्हटलं ना, कागदातून शिरलं, तो कागद इथे येतो.

जमीन वापराचं प्रमाणपत्र तेव्हा लाल रंगाचं असायचं, लोक त्याला "लाल पुस्तक" म्हणतात. आपला सातबारा समजा. त्यावर एकच नाव लिहायची पद्धत होती: कुटुंबप्रमुखाचं. आणि कुटुंबप्रमुख म्हणजे कोण? किन्ह समाजात बाप, नवरा. फॉर्म त्यांच्या डोक्यातल्या कुटुंबावरून बनलेला. तोच फॉर्म एडे घरात आला. बैठक व्हिएतनामी भाषेत, आणि एडे बायकांपेक्षा पुरुषांना ती भाषा जास्त येणार, कारण बाहेर वावरणारे तेच. मग नाव कुणाचं लागणार? बायकोच्या घरी राहायला आलेल्या नवऱ्याचं! पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकीकडे गेलेली जमीन एका सहीत जावयाच्या नावावर. कुणी कट केला नव्हता. एक रकाना होता, तो भरला गेला.

आणि दुसरं असं, की प्रमाणपत्र मिळालं ते ज्या तुकड्यावर त्या वर्षी पीक उभं होतं त्याचं. विश्रांतीला टाकलेली जमीन कागदावर आलीच नाही. पो लानची हद्द तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

2003 मध्ये कायदा बदलला. नवरा-बायको दोघांची नावं लावा, असं आलं. चांगला बदल, प्रश्नच नाही. पण तोवर दहा वर्षं गेली होती, आणि ती दहा वर्षं कॉफीची होती. त्या काळात कर्ज मिळायचं कागदावर, कागद ज्याच्या नावाचा त्याला. ठिबक नाही हो, इथे पाणी पंपाने ओढून झाडाच्या बुडात सोडतात. जानेवारी ते एप्रिल कोरडा हंगाम, त्यात रोबस्टाला तीन-चार पाळ्या पाणी लागतं. पंप हवा, डिझेल हवं, खत हवं. ज्याच्याकडे भांडवल त्याचा मळा टिकतो. किन्ह शेतकऱ्याचे नातेवाईक व्यापारात, गावात ओळखी, भाषा घरची. एडे कुटुंबाकडे यातलं फार थोडं. मग खत उधारीवर घ्यायचं, तेही कॉफी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच. पैशाची नड आली की झाडावरची हिरवी कॉफी आधीच विकून टाकायची, अर्थात पडेल भावात. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर खंडून देतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग भाव पडला.

का पडला, यासाठी जरा मागे जाऊ. 1962 पासून जगात आंतरराष्ट्रीय कॉफी करार होता. कुणी किती निर्यात करायची याचा कोटा ठरलेला, त्यामुळे भाव एका पट्ट्यात राहायचा. जुलै 1989 मध्ये हे कोटे कोसळले. सदस्य देशांचं, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेचं, जमेना. शीतयुद्ध संपत आलं होतं, गरीब देशांना भाव देऊन खूश ठेवायची गरज उरली नव्हती, हे माझं मत. मग ज्याला जेवढी पिकवायची तेवढी पिकवा. मोकळं रान! 80 च्या दशकात कॉफीचा सरासरी भाव पाउंडाला बऱ्याचदा 120 सेंटच्या वर असायचा. 2001 मध्ये तो 45 सेंटच्या आसपास आला. रोबस्टाचा त्याहून खूप कमी. 2002 मध्ये ऑक्सफॅम या संस्थेने अहवाल काढला, त्यात डाक लाकचा उल्लेख आहे: शेतकऱ्याला मिळणारा भाव उत्पादनखर्चाच्या जेमतेम 60 टक्के.

घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. पहिली गोष्ट, मजूर बंद. म्हणजे तोडणी घरच्या बायकांनी करायची. कॉफीचं फळ एकदम पिकत नाही, हाताने वेचावं लागतं, मग अंगणात ताडपत्रीवर पसरायचं, दिवसातून कितीदा तरी खालीवर करायचं, पाऊस आला की धावत गोळा करायचं. या कामाला पैसे नव्हतेच, आता ते वाढलं. दुसरी गोष्ट, भात. पूर्वी घरचा तांदूळ होता, तो पिकवायचं ज्ञान बाईकडे होतं, कणगी तिच्या ताब्यात होती. आता तांदूळ विकत आणायचा, आणि पैसा कॉफीचा. म्हणजे चुलीवर काय शिजणार हे लंडनच्या बाजारातला रोबस्टाचा भाव ठरवणार. तिसरी गोष्ट, कर्ज फेडायला जमीन विकणं. आता ती विकता येत होती ना! कागद होता! आणि विकल्यावर त्याच बायका दुसऱ्याच्या मळ्यावर रोजंदारीने तोडणीला. काही जणी तर एकेकाळच्या आपल्या कुळाच्या जमिनीवर.

फेब्रुवारी 2001 मध्ये या पठारावर हजारो लोक रस्त्यावर उतरले, एडे, जराई आणि इतर. मागण्या होत्या जमीन परत द्या आणि धर्म पाळू द्या, कारण यातले बरेच जण प्रोटेस्टंट झाले होते आणि त्यांच्या प्रार्थनांवर बंधनं होती. सरकारने सैन्य पाठवलं. हजाराहून जास्त लोक सीमा ओलांडून कंबोडियात पळाले. एकट्या कॉफीमुळे हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं. पण लाल पुस्तक आणि पडलेला भाव या दोन्ही गोष्टी त्या गर्दीच्या पाठीशी होत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग व्हिएतनामने दारं बंदच ठेवायला हवी होती का? नाही. आकडे ऐका. 1993 मध्ये व्हिएतनाममधले 58 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, 2006 मध्ये 16 टक्के. तेरा वर्षांत! जगात असं फार कमी ठिकाणी घडलंय. पण तोच आकडा फोडून बघा. किन्ह आणि तिथले चिनी लोक, हे 54 टक्क्यांवरून 10 वर आले. बाकीचे अल्पसंख्य समूह 86 वरून 52 वर. म्हणजे गरिबी दोन्हीकडे कमी झाली, हे खरं. पण एका बाजूला दहात एक गरीब उरला आणि दुसऱ्या बाजूला दोनात एक. हे आकडे घराघरांतले आहेत, घराच्या आतले नाहीत. त्या 52 टक्क्यांत बाईच्या ताटात काय होतं, ते यात दिसत नाही.

जरा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ, फार वेळ नाही घेणार. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला चियापास. तिथे त्सोत्सिल, त्सेल्ताल असे माया वंशाचे लोक डोंगरउतारावर अरेबिका कॉफी घेतात. 1989 मध्ये कोटा गेला आणि त्याच सुमारास त्यांच्याकडून कॉफी खरेदी करणारी सरकारी संस्थाही गुंडाळायला सुरुवात झाली. 1992 मध्ये राज्यघटनेचं 27 वं कलम बदललं, गावाच्या सामाईक जमिनी, ज्यांना "एहिदो" म्हणतात, त्या व्यक्तीच्या नावावर करून विकता येतील असं झालं. पूर्वी ती जमीन कुटुंबाची ठेव मानली जायची. आता ज्याचं नाव यादीत त्याची, आणि यादीत बहुतेक पुरुष. ओळखीचं वाटतंय? तिकडे मातृवंश नव्हता, भाषा वेगळी, धर्म वेगळा. रकाना तोच.

1 जानेवारी 1994 ला अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्तांनी बंड केलं. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या कागदपत्रांत बायकांचा कायदा होता, दहा कलमांचा. कामाला योग्य मजुरी, मुलं किती हवीत ते ठरवायचा हक्क, लग्नाची जबरदस्ती नको, पदं भूषवायचा हक्क. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की या बायका फक्त सरकारशी भांडत नव्हत्या, आपल्या नवऱ्यांशी आणि गावाच्या रूढींशीसुद्धा भांडत होत्या. मार्च 2001 मध्ये कमांडर एस्थर नावाची आदिवासी बाई मेक्सिकोच्या संसदेत उभी राहून बोलली, चेहऱ्यावर झापातिस्तांचं काळं आवरण.

दोनच महिन्यांनी, मे 2001 मध्ये, सीमा ओलांडून अमेरिकेत शिरू पाहणारे चौदा जण ॲरिझोनाच्या वाळवंटात तहानेने मेले. त्यातले बरेच मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यातल्या कॉफीच्या पट्ट्यातले होते. मळे मागे ठेवून निघालेले पुरुष. मळ्यात राहिल्या बायका, नाव नसलेल्या जमिनीवर.

फेब्रुवारी, मार्च, मे. एकाच वर्षातले तीन महिने. डाक लाकच्या बाईने जास्त कॉफी पिकवली म्हणून चियापासच्या बाईचा भाव पडला, आणि तिचाही पडला. दोघी एकमेकींच्या स्पर्धक होत्या आणि दोघींना ते कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे कॉफी म्हटलं की कूर्ग, चिकमगळूर. महाराष्ट्रात थोडीशी मेळघाटात चिखलदऱ्याला होते. 2010 पासून लागू झालेल्या आसियान करारात भारताने कॉफी, चहा, मिरी, पामतेल यांना "विशेष उत्पादनं" म्हणून हळूहळू शुल्क कमी करायची सवलत घेतली, म्हणजे आपल्या सरकारला व्हिएतनामच्या कॉफीची आणि मिरीची धास्ती होतीच. पण मला आठवण येते ती वेगळ्याच माणसाची. शरद जोशी. शेतमालाचा बाजार खुला करा म्हणणारा यांच्याइतका ठाम आवाज आपल्याकडे दुसरा नव्हता. नोव्हेंबर 1986 मध्ये, म्हणजे दोई मोईच्या महिनाभर आधी, चांदवडला शेतकरी संघटनेने बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्ती आली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करायचा. त्यांच्या सगळ्या अर्थकारणाशी तुम्ही सहमत असा-नसा, मी स्वतः पूर्ण नाही. पण खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता सातबारावरच्या बाईच्या नावासाठी गावोगाव फिरतो, यात एक हिशेब आहे. बाजार उघडला की जमिनीला किंमत येते. किंमत यायच्या आधी नाव लागलं तर लागलं.

आणि आत्ताचं काय? 2024 मध्ये डाक लाकमध्ये कॉफी किलोला सव्वा लाख डोंगच्या वर गेली. 2001-02 मध्ये ती चार-पाच हजार डोंग होती! ज्यांनी कशीबशी झाडं टिकवली त्यांची चांदी झाली. अनेकांनी मधल्या काळात झाडं तोडून मिरी लावली होती, ती पडली. आता 2022 पासून चीनने व्हिएतनामचं ताजं ड्युरियन अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केल्यावर सगळे ड्युरियनच्या मागे आहेत. दिसायला काटेरी फणसासारखं, वास असा की हॉटेलांत बंदी.

त्यात युरोपने 2023 मध्ये एक कायदा केलाय. जंगल तोडून पिकवलेली कॉफी, कोको वगैरे युरोपात विकायची नाही. प्रत्येक मळ्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे, आणि जमीन कायदेशीर आहे हे दाखवायचं. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण व्यापाऱ्यांनी याद्या करायला सुरुवात केली. हेतू चांगला. जंगल वाचायलाच हवं. पण कल्पना करा, एक माणूस मोबाईल घेऊन एडे गावात येतो, लांब घराच्या जिन्याशी चपला काढतो, वर जातो, ॲप उघडतो. पहिला रकाना: जमीनधारकाचं नाव.

तिथे काय टाइप होतं, ते बघायचंय. पुढच्या भागात आपण मिरीचं बोलू. तोवर तुमच्या घरच्या सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघून मला कळवा. महाभूलेख साइटवर दोन मिनिटांत दिसतं. चला, भेटू.